भोगीला एक लग्न, संक्रांतीला दुसरं

लग्न झाल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, नात्यात सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला आहे, फिरायला कुठे गेला होतात? मी "गावी" म्हटलं की समोरच्याला वाटतं हिला सांगायचं नाहीये, किंवा यांना सुट्टीच मिळाली नसणार. मग मी विषय बदलायचे. पण आता वर्ष उलटून गेलंय आणि मला वाटतंय की त्या "गावी"बद्दल एकदा नीट लिहावं, कारण माझ्यासाठी आमचं लग्न खऱ्या अर्थाने त्या वाटांवरच झालं.

माझं माहेर सोलापूर. सासर संगमेश्वर तालुक्यातलं, पण राहायला सगळे डोंबिवलीत. घर वन बीएचके. आई-बाबा (म्हणजे सासू-सासरे), धाकटा दीर आणि आम्ही दोघं. बेडरूम आम्हाला दिली, पण घरातलं एकमेव मोठं कपाट त्याच खोलीत, बाबांच्या औषधांचा डबा त्याच खोलीत, दिराचं इस्त्रीचं टेबलही तिथेच, त्यामुळे दार लावून बसणं हा प्रकार जवळजवळ नाहीच. कुणी मुद्दाम येत नाही हो, माणसं फार चांगली आहेत, उलट दाराबाहेरून खोकून, बांगड्या वाजवून मगच आत येतात, पण त्याने आणखीनच अवघडल्यासारखं होतं. सकाळी नवरा ऐरोलीला, मी ठाण्याला. दोघं एकाच वेळी घरातून निघतो, ब्रिजवर वेगळे होतो, मी लेडीज डब्याकडे, तो पुढे जनरलकडे. कधीकधी एकाच लोकलमध्ये असतो पण वेगवेगळ्या डब्यात. संध्याकाळी जो आधी उतरेल तो भाजीवाल्यांच्या रांगेपाशी थांबतो. मग मेथीची जुडी, नारळ, कोथिंबीर घेत घेत घरापर्यंत चालत जायचं, रिक्षा करायची नाही असं आम्ही न बोलताच ठरवलेलं. दिवसातलं आमचं दोघांचं बोलणं ते तेवढंच. घराच्या जिन्याशी आलं की आपोआप आवाज खाली येतो.

म्हणून प्रवास.

पहिल्या वर्षी किती जावं लागतं याची मला आधी कल्पना नव्हती. लग्न मार्गशीर्षात झालं, सोलापुरात. मग सासरच्या गावी सत्यनारायण, मग जेजुरी (नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ते झालं, दोघांच्या अंगाखांद्यावर भंडारा), आणि आल्याआल्या समोर संक्रांत. आणि इथे पेच होता.

सोलापूरच्या माणसाला संक्रांत म्हणजे फक्त तिळगूळ नसतो. सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्डा. सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेली माणसं ते उंचच उंच काठीचे ध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालत नेतात आणि भोगीच्या दुपारी तळ्याकाठी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. हे लग्नच असतं. बाराव्या शतकातली गोष्ट सांगतात की एक कुंभारकन्या रोज सिद्धरामांच्या (म्हणजेच सिद्धेश्वरांच्या) अंगणात सडा-रांगोळी करायची आणि तिने लग्नाचा हट्ट धरला. ते तर योगी, म्हणाले माझ्या योगदंडाशी लग्न कर. ते लग्न दरवर्षी लागतं. लग्नानंतरच्या पहिल्या गड्ड्याला मी नाही हे पप्पांना सहन झालं नसतं, मलाही नाही.

आणि तिकडे संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या पुढे मारळच्या डोंगरात, मार्लेश्वराची यात्रा. तीही संक्रांतीची. आणि तिथेही लग्नच! मार्लेश्वर नवरदेव, त्याची पालखी आंगवलीहून येते. नवरी गिरिजादेवी, ती साखरप्याहून. देवरुखचा व्याडेश्वरही पालखीतून लग्नाला येतो. मागणी घालण्यापासून ते मंगलाष्टकांपर्यंत सगळं माणसांच्या लग्नासारखं, ३६० मानकऱ्यांना आमंत्रण. बाबांनी हे मला जेवताना सांगितलं तेव्हा मी घास हातातच धरून ऐकत होते. माझ्या माहेरी भोगीला देवाचं लग्न आणि माझ्या सासरी दुसऱ्याच दिवशी संक्रांतीला देवाचं लग्न. दोन्हीकडे गेलंच पाहिजे असं मी मनात म्हटलं आणि नवऱ्याने ते मोठ्याने म्हटलं.

नात्यातल्या मोठ्या बायकांना पटलं नाही. नवी नवरी, पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू सोडून एसटीतून काय फिरणार! हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं हे मी सांगून पाहिलं. शेवटी आई बोलल्या. एरवी त्या चारचौघांत फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "जाऊन या गो तुम्ही दोघं. दागिने कुठे पळत नाहीत."

मग रात्री ओट्यापाशी भांडी पुसताना त्यांनी मला त्यांचं पहिलं वर्ष सांगितलं. त्यांचं लग्न १९८८ सालातलं. बाबा तेव्हा परळच्या एका छापखान्यात कामाला, राहायला लालबागला गावकीच्या खोलीत, एका खोलीत गावातले दहा-बारा बाप्ये, पाळीपाळीने झोपायचे. तिथे बायकोला कुठे नेणार? लग्न झालं, सव्वा महिन्याने बाबा मुंबईला गेले आणि आई गावी सासू, जावा, भातशेती, गुरं यांच्यात. बाबा यायचे गणपतीला, शिमग्याला आणि जमलं तर मे महिन्यात. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, त्याच्या आधी रात्रभराची एसटी, आणि तीही गणपतीत मिळाली तर. त्या म्हणाल्या, "आम्ही दोघांनी एका सीटवर बसून पहिला प्रवास केला तेव्हा हा माझ्या मांडीवर होता." हा म्हणजे माझा नवरा. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण माझ्याकडे बघतही नव्हत्या, ताट पुसत होत्या, ते कधीच कोरडं झालेलं होतं.

कोकणातल्या किती बायकांचं पहिलं वर्ष, पहिली दहा वर्षं अशी गेली असतील. चाकरमान्यांबद्दल खूप लिहिलं जातं, गिरण्या, संप, भजनी मंडळं. त्यांच्यामागे गावात राहिलेल्या या मुलींना नवऱ्याची सवयच व्हायला किती वर्षं लागली असतील हे मला त्या रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांच्या मुली होत्या त्या.

तर आम्ही निघालो. कल्याणहून सिद्धेश्वर एक्सप्रेस, रात्री साडेअकराच्या सुमाराला. यात्रेची गर्दी, तिकीट आरएसीच राहिलेलं, म्हणजे दोघांत एक साइड लोअर. लोक आरएसीला नावं ठेवतात. मी नाही ठेवणार. डब्यातले दिवे गेले, पडदा ओढला, आम्ही समोरासमोर पाय पोटाशी घेऊन बसलो, मधे एक ब्लँकेट. कर्जतला घाट चढायला मागून इंजिनं लागतात तेव्हा जो हिसका बसतो त्याने त्याच्या हातातलं पाणी माझ्यावर सांडलं आणि आम्ही तोंड दाबून हसलो, आणि मग लक्षात आलं की तोंड दाबायची गरज नाहीये, इथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही. त्या रात्री त्याने मला बाबांच्या आजारपणाचं वर्ष सांगितलं, घराचा हप्ता, दिराची फी, आणि त्याने तेव्हा सोडून दिलेली बंगलोरची नोकरी, जी गोष्ट अजून घरात कुणालाच माहीत नाही म्हणाला. मी त्याला ताईचं मोडलेलं लग्न सांगितलं, सगळं, जे पत्रिका बघताना "त्याबद्दल बोलायचं नाही" असं मम्मीने बजावलं होतं तेही. पुण्यानंतर टीसी आला, म्हणाला एक बर्थ रिकामा झालाय वरचा, देऊ का. नवरा म्हणाला नको. दौंड गेलं, कुर्डुवाडी गेलं, बाहेर थंडी आणि मिट्ट काळोख. सोलापूरला उतरलो तेव्हा दोघांचे डोळे लाल आणि घ्यायला आलेल्या पप्पांना वाटलं गाडीत झोपायला मिळालं नाही, बिचारे.

भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. पप्पांनी जावयासाठी बाराबंदी शिवून ठेवलेली. कोकणातला माणूस, बंद बांधता बांधता गोंधळला, शेवटी माझ्या चुलतभावाने बांधून दिले. आम्ही रुमालात अक्षता घेऊन तळ्याकाठी जाऊन उभे राहिलो. बाळीवेशीतून यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यापासून नंदीध्वज निघालेले, ते यायला वेळ लागतो, ऊन चढतं, पण कुणी हलत नाही. लांबून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ऐकू यायला लागलं की अंगावर काटा येतो, मला लहानपणापासून येतो. मग संमती वाचन. सत्यम सत्यम, नित्यम नित्यम, दिड्डम दिड्डम. आणि चारी बाजूंनी अक्षता.

मला इथे एक गोष्ट सांगायचीये. माझ्या स्वतःच्या लग्नात मला मंगलाष्टकं ऐकूच आली नव्हती. अंतरपाटामागे उभी होते तेव्हा डोक्यात मुंडावळ्या घट्ट बांधल्यात, मामाने हात जोरात धरलाय, ताई रडतेय का, कॅमेरावाला "इकडे बघा" म्हणतोय, जेवणाची पहिली पंगत बसली का, हेच चाललं होतं. सावधान म्हणाले आणि मी सगळ्यात असावध होते. संमती कट्ट्यासमोर त्या दुपारी मी पहिल्यांदा शांतपणे एक लग्न ऐकलं. शेजारी नवरा होता, पांढऱ्या बाराबंदीत, कपाळाला भस्म, त्याला यातलं काही माहीत नव्हतं आणि तरी त्याने माझ्याबरोबरच अक्षता टाकल्या, आणि टाकताना माझ्याकडे पाहिलं. लग्न लागलं असं मला तेव्हा वाटलं. मी हे त्याला नंतर सांगितलं तर तो म्हणाला त्यालाही, त्यालाही तसंच.

दुपारी साडेचारच्या आसपास आम्ही कोल्हापूरची एसटी पकडली. मम्मी रुसली, एक रात्रही राहिली नाहीस म्हणून, आणि मग रुसव्यातच दशम्या, शेंगाची चटणी, कडक भाकऱ्यांचा पुडका दिला विहीणबाईंसाठी. कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं आणि ह्याचं पूर्ण.

हा रस्ता म्हणजे रत्नागिरी-नागपूर महामार्ग, आता १६६ नंबरचा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा आणि खाली रत्नागिरी. मी लहानपणापासून त्या बोर्डावर रत्नागिरी हे नाव वाचत आले होते, आमच्यासाठी ते आंब्याच्या पेटीवरचं नाव. एकच रस्ता माझ्या घराहून निघून त्याच्या तालुक्यातून जातो हे मला लग्न ठरल्यावर मॅपवर दिसलं तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवलेला, आमच्यातला तो पहिला मेसेज ज्यात "जेवलीस का" नव्हतं.

मंगळवेढ्याच्या जवळ सूर्य टेकला. जानेवारीतली ज्वारी, पोटऱ्यातून बाहेर पडून दाणा भरत आलेली, नजर जाईल तिथपर्यंत, मधे घर नाही, डोंगर नाही. नवरा खिडकीला नाक लावून बसला होता. म्हणाला, "एवढं सपाट? माणसाला लपायला जागाच नाही गं." मी त्याला सांगत होते, ही मालदांडी, हिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मिळालंय, हुरड्याला ये पुढच्या वेळी, आगटी पेटवू. एरवी मी गप्प असते सासरी. माझीच जमीन दाखवताना मी इतकी बोलत होते की पुढच्या सीटवरच्या आजींनी वळून पाहिलं आणि विचारलं, "नवं लगीन हाय व्हय?" आणि पिशवीतून ऊस काढून दिला, दोन कांडी.

कोल्हापूरला पोचायला रात्र झाली. स्टँडजवळच्या एका लॉजवर आधार कार्डं दाखवली, दोन कार्डांवर दोन आडनावं. काउंटरवरच्या काकांनी एकदा कार्डांकडे पाहिलं, एकदा माझ्या हिरव्या चुड्याकडे, काही विचारलं नाही, फक्त म्हणाले सकाळची गाडी असेल तर गरम पाणी पाचला पाठवतो. पाठवलंही. त्या छोट्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर आणि एक ट्यूब, बाकी काही नाही, तिला दार होतं आणि ते लावता येत होतं. एवढंच लिहिते.

पहाटेची रत्नागिरी गाडी. मलकापूरपर्यंत अंधार, मग ऊस दिसायला लागला, मग झाडी. आंबा घाटात उजाडलं. देशावरचं माणूस मी, मला सह्याद्री नेहमी घाट संपला की संपतो असं वाटायचं. इथे घाट खाली उतरतो आणि हवाच बदलते, गालाला ओलसर लागते, कौलं दिसतात, माड दिसायला लागतात. आता बोलायची पाळी त्याची. हे आईन, हे किंजळ, तो बघ ओहोळ, तिथे आम्ही खेकडे धरायचो. कालपर्यंत सोलापुरात बावरलेला माणूस खिडकीतून हात बाहेर काढून दाखवत होता, कंडक्टर ओरडला तरी.

साखरप्याला चुलतदीर गाडी घेऊन आलेले. गिरिजाबाईंची पालखी आधीच गेली होती. आम्ही त्यांच्या मागून निघालो आणि मला वाटत राहिलं की ही पण माझ्यासारखीच, घर सोडून डोंगराच्या दिशेने निघालेली, फरक एवढाच की ती दरवर्षी निघते आणि तिच्यामागे अख्खं गाव असतं. मारळला पायऱ्या चढून वर गेलो. समोर कड्यावरून धारेश्वरचा धबधबा, जानेवारीत बारीक झालेला पण होता. गुहेत समयांचा उजेड. दोन पिंडी, एक मार्लेश्वराची आणि दुसरी मल्लिकार्जुनाची. मल्लिकार्जुन! सिद्धराम ज्याच्या ओढीने श्रीशैलपर्यंत गेले तो. बाळीवेशीत ज्याचं देऊळ आहे, जिथे आजी मला सोमवारी न्यायची तो. परक्या डोंगरातल्या काळोख्या गुहेत असं घरचं माणूस भेटावं, मी हात जोडले आणि डोळ्यांत पाणीच आलं, शेजारच्या काकूंना वाटलं धुराने.

लग्न लागलं ते लिंगायत पद्धतीने, जंगम स्वामींनी लावलं. मी नवऱ्याला कोपराने ढोसत होते, बघ, बघ, कालच्यासारखंच आहे. भूगोलाच्या पुस्तकात देश आणि कोकण वेगळे शिकवतात, पण हे जंगम, हे मल्लिकार्जुन, हे घाट चढून-उतरून कधीपासून येत-जात असतील! आपल्याआधी कितीजणी या वाटेने आल्या असतील. मानकऱ्यांच्या गर्दीत आम्हाला जागा मिळाली नाही, लांबूनच अक्षता टाकल्या, त्या पुढच्या माणसाच्या टोपीवर पडल्या. त्यांनी मागे वळून आशीर्वाद दिल्यासारखा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी करीदिन, त्या दिवशी प्रवास करायचा नाही, म्हणून गावच्या घरी राहिलो. बंद घर उघडलं, झाडलं, चुलीवर पाणी तापवलं, कुळथाचं पिठलं आणि त्याच्याबरोबर माझ्या मम्मीच्या कडक भाकऱ्या. विहीणबाईंसाठी दिलेल्यातल्या थोड्या उरवल्या.

त्यानंतर वर्षभर येणंजाणं चालूच राहिलं. श्रावणात मंगळागौर सोलापूरला, रात्रभर झिम्मा-फुगड्या. गणपतीला दिव्याहून सावंतवाडी गाडी, यावेळी सगळे एकत्र, बाबा जनरलच्या गर्दीतही खिडकीची सीट आईंसाठी धरून बसलेले. आमच्याकडे गौरी म्हणजे महालक्ष्म्या, उभ्या, पैठण्या नेसलेल्या, पुरण आणि सोळा भाज्या. इथे गौर तेरड्याची, पाणवठ्यावरून वाजत आणलेली आणि दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचा नैवेद्य, पहिल्यांदा बघून मी दचकले होते. पावसाचं पूर्वा नक्षत्र होतं, म्हणून माझा ओवसाही (नव्या सुनेचं गौरीपुढचं वाण) झाला, सुपात फळं, भाज्या, हळदीची पानं घेऊन गौरीपुढे आणि मग घराघरातल्या मोठ्या माणसांना. वाडीतल्या एका आजींनी सुपात पैसे ठेवत मला जवळ ओढून विचारलं, "नवरा बरोबर आला ना गो?" आला म्हटल्यावर त्यांनी अजून एकदा विचारलं. मला आईंची ओट्यावरची रात्र आठवली.

आता १७ मे पासून अधिक ज्येष्ठ. जावयाला धोंड्याचं जेवण, ३३ अनारसे, मम्मीची तयारी फोनवर महिनाभर आधीच सुरू झालीये. विहीण-व्याह्यांनाही बोलावणं आहे. आम्हा दोघांचं सिद्धेश्वरचं रिझर्वेशन झालं, आई-बाबांचंही त्याच डब्यात काढायला मी बसले तर आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, थांब. मग जरा वेळाने बाहेर आल्या. त्या मे महिन्यात तशाही गावी असणार, आंबे काढायला. तर तिकडूनच, साखरप्याहून, तुम्ही आलात त्या रस्त्याने आम्ही दोघंच एसटीने आलो तर चालेल का, असं त्यांनी मला विचारलं. मला! बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला नाही पण पानही उलटलं नाही.

मी त्यांना सगळं लिहून दिलंय. साखरप्याला कुठे उभं राहायचं, कोल्हापूरला उतरून सोलापूरची गाडी कुठून सुटते, मुक्कामाचं ते लॉज. मे महिन्यात शेतं रिकामी असतात, ज्वारी दिसणार नाही, ऊन फार लागेल, पाणी जास्त ठेवा हेही सांगितलं. बाबांना पासष्ट पूर्ण झालीयेत म्हणून त्यांचंही अर्धं तिकीट, आईंचं तर अर्धंच. दीर म्हणतोय एवढ्या उन्हात कशाला, मी गाडी करून देतो, एसी. नको म्हणाल्या.